कोरड्या विहिरीवरचा पंप

मित्रांनो, मी एक जुना तेलपंप आहे. गाडीत पेट्रोल भरणारा नव्हे हं! मी जमिनीच्या पोटातून तेल उपसणारा, उंच आणि लोखंडी. नंदीबैलासारखी मान खाली-वर करायची, हेच माझे काम.

मला पहिले तेल लागले तेव्हा फोरमनने माझ्या अंगावर हात फिरवून शाब्बासकी दिली होती. पुढे माझ्या जोरावर त्याच्या टोळीतल्या कामगारांच्या घरच्या चुली पेटल्या. त्याची मुलगी शिकून शेजारच्याच शाळेत बाई झाली. मला कोण अभिमान वाटायचा!

मग माझ्याखालची तेलाची विहीर आटली. पण सरकारचे अनुदान कंपनीला चालू विहिरींवर मिळे, आणि जिथल्या पंपाची मान हलते ती विहीर चालू, असा हिशेब होता. म्हणून तपासणीपुरते मला सुरू करत. सरकारी साहेब लांबून बघत, आपलीही मान डोलावत आणि निघून जात. नुसती हवा ओढताना मला मेल्याहून मेल्यासारखे होई. एरवी माझ्याकडे कुणी फिरकत नसे. माझ्याखालची नळी गंजून फुटली, तळाचे उरलेसुरले तेल जमिनीत झिरपले आणि शाळेच्या पाण्याला तेलाचा वास येऊ लागला.

अनुदान ठेवावे की बंद करावे, यावरून वाद पेटला. फोरमनच्या घरातच दोन तट पडले. अनुदान गेले तर माझी माणसे उघड्यावर पडतील, असे बाप म्हणे. आणि अनुदान मिळते तोवर कंपनी विहीर बुजवणार नाही, पोरे ते पाणी पितात त्याचे काय, असे मुलगी विचारी. खरे दोघांचेही होते.

अखेर सरकारी समिती पाहणीला आली. कंपनीच्या साहेबांनी खूण केली, फोरमनने मला सुरू केले. विहीर चालू आहे ना, असे अध्यक्षबाईंनी विचारले. फोरमनने गर्दीतल्या मुलीकडे पाहिले आणि कळ दाबून मला थांबवले.

"नाही बाई, कधीचीच आटलीय," तो म्हणाला. "पैसे द्या, पण मान हलवायला नको, विहिरी बुजवायला द्या. आम्हीच खणल्यात, आम्हीच बुजवू."

साहेबांचा चेहरा पडला. टोळीतला एकेक जण मात्र फोरमनच्या पाठीशी येऊन उभा राहिला.

आणि तसेच झाले! त्याच टोळीने एकेक आटलेली विहीर सिमेंटने बुजवली. कुणाचे काम गेले नाही. शाळेच्या नळाला स्वच्छ पाणी आले. मला उतरवले त्या दिवशी मुलीने बापापुढे शाळेतल्या पाण्याचा पेला धरला, आणि तो ते घटाघटा प्यायला.

मित्रांनो, यंत्राला तेलपाणी करा, पण त्याचे काम संपले की त्याला मानाने थांबवा आणि त्याच्यामागची घाणही पुसा. मी जन्मभर तेल उपसले. पण अख्ख्या शाळेच्या टाळ्या मिळाल्या त्या मी थांबल्यावर.