मागायच्या आत

माझ्या कामावर आमच्या घरी एकच विनोद आहे आणि माझा भाऊ तो न चुकता करतो. "आज किती खेळलीस? दमली असशील!" काही मुलं उशिरा बसतात, उशिरा चालतात, बोलायचं नाव घेत नाहीत. अशा लहानग्यांच्या घरी जायचं आणि ती शाळेच्या वयाची व्हायच्या आत त्यांना, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या घरच्यांना, मार्गाला लावायचं, ही माझी नोकरी. बाहेरून बघणाऱ्याला मात्र मी जमिनीवर बसून डबे उघडते आणि बंद करते एवढंच दिसतं. भावाला समजावणं मी कधीच सोडून दिलंय.

पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या आजोबांना समजावणं सोडून चालणार नव्हतं.

आजोबांचा उभा जन्म एका मोठ्या हॉटेलात वेटर म्हणून गेलेला. निवृत्त झाले तरी खांद्यावरचा नॅपकिन काही उतरला नव्हता. आता त्यांच्याकडे एकच गिऱ्हाईक होतं, पावणेतीन वर्षांचा नातू. त्याला ते 'साहेब' म्हणायचे. साहेब एक शब्द बोलत नव्हते, बोट दाखवत नव्हते, कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हते. त्यांनी फळीकडे नुसती मान वळवली की निळ्या कपात पाणी हजर. पाय आपटायच्या आत चेंडू हजर. गुडघे कुरकुरत असूनही आजोबा खुर्चीतून असे उठायचे, की मला माझ्याच गुडघ्यांची लाज वाटावी.

"गिऱ्हाईकाला हात वर करावा लागला की समजायचं, वेटर नापास," पहिल्याच भेटीत त्यांनी मला सुनावलं. "मागायच्या आत टेबलावर आलं पाहिजे. आणि ड्यूटीवर मी कधी डोळा मिटला नाही. विचारा कुणालाही."

आता विचारायला हॉटेल कुठे शोधू? मी आपली मान डोलावली.

अडचण अशी होती, की त्याच गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. हॉस्पिटलातून आजोबा थेट लेकीकडे जाणार होते, कारण तिचं घर तळमजल्यावर आणि या इमारतीला लिफ्ट नाही. दोन-तीन महिने तरी परत येणं नाही. आणि साहेबांची भाषा जगात फक्त एका माणसाला येत होती.

"त्या दिवशी बाबा नुसते केस कापायला गेले होते," मुलाची आई, म्हणजे आजोबांची सून, मला सांगत होती. ती एका औषधांच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांची गिचमीड अक्षरं वाचते. "याला काय हवंय ते मला कळेचना. घरातली एकेक वस्तू त्याच्यापुढं धरली, ताई. तो डोकं आपटत राहिला, टेंगूळ येईपर्यंत. शेवटी बाबा आले आणि दारातूनच म्हणाले, अगं, त्याला पंखा लावून हवाय." तिने डोळे पुसले. "आई मी आहे ना त्याची?"

मी कामाला लागले. आमची रीत साधी आहे. पाण्याचा जग दिसेल पण हाताला लागणार नाही असा ठेवायचा, रिकामा कप मुलाच्या हातात द्यायचा आणि गप्प बसायचं. मूल काहीतरी करतं. बघतं, कप पुढे करतं, आवाज काढतं. तेच त्याचं मागणं. यातला गप्प बसण्याचा भाग सगळ्यांत अवघड, आणि माझ्यासारख्या बडबडीला तर शिक्षाच.

आजोबा खवळले. "पाण्यासाठी लेकराला तरसवायचं? हे शिकवतात तुमच्या कॉलेजात?"

मी पिशवीतून काही काढायला वळले की कप भरलेला. मी बघितलं की आजोबा छताकडे बघत.

"आजोबा, कुणी भरला?"

"मला काय माहीत? माझे गुडघे दुखतात."

तरीही एक दिवस साहेबांनी तो कप माझ्या हातात ठेवला. मी हवेत! केंद्रावर आमच्या मोठ्या ताईंना धावत जाऊन सांगितलं. या कामात त्यांचे केस पांढरे झालेत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"छान. आता त्याला पाणी पाजायला तू रोज जाणार का तिथे?"

माझा चेहरा खर्रकन उतरला. आठवड्यातून एक तास येणाऱ्या बाईकडे पाणी मागायला शिकवलं होतं मी त्याला! आमच्या कामात ही चूक नेहमी होते. मुलानं आपल्याला हात दिला की आपण हुरळून जातो आणि ज्यांच्यासाठी आलो ती माणसं कोपऱ्यात राहतात.

पुढच्या भेटीपासून कोपऱ्यात मी बसले. सतरंजीवर आई, तिच्याजवळ जग. पण साहेब कप घेऊन निघाले ते सरळ आजोबांच्या खुर्चीकडे. मी म्हटलं, "आजोबा, हात मांडीखाली घ्या." त्यांनी घेतले. पण नजर जगावर, ओठ हलताहेत, आणि क्षणात हात बाहेर. असं परत परत झालं. शेवटी माझी जीभ सुटली.

"तुम्ही समोर असेपर्यंत तो आईकडे जाणारच नाही!"

आजोबांनी नॅपकिनची नीट घडी घातली आणि आतल्या खोलीत निघून गेले.

"त्यांना दुसरं काही येत नाही हो," आई हळूच म्हणाली. जिना उतरताना मला माझाच राग आला. बोलले ते खरं होतं, पण म्हाताऱ्या माणसाला असं बोलतात का?

त्यानंतरची भेट शेवटची. दुसऱ्या दिवशी आजोबा भरती होणार होते, त्यांची बॅग दाराशी तयार होती. आणि आजोबा? खुर्चीत मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून चक्क घोरत होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. शेवटचा दिवस, आणि या माणसाला झोप लागते!

साहेब कप घेऊन खुर्चीपाशी आले. आजोबांच्या गुडघ्यावर कप टेकवला. घोरणं चालू. नॅपकिन ओढला. घोरणं आणखी मोठं. साहेबांचं तोंड वेडंवाकडं झालं, ते खाली बसले आणि कपाळ फरशीकडे झुकायला लागलं. आई अर्धी उठली. मी हातानेच खुणावलं, त्याच्याजवळ बसा, बोलू नका. ती सरकत गेली आणि जग मांडीवर घेऊन त्याच्याशेजारी बसली.

कपाळ फरशीला टेकलंच नाही. त्यानं मान वर केली. आधी जगाकडे बघितलं. मग, देवाशप्पथ सांगते, त्यानं आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. सरळ डोळ्यांत. आणि कप तिच्या हातात ठेवला.

"पाणी?" आईला कसंबसं म्हणता आलं. तिनं ओतलं, निम्मं कपात आणि निम्मं सतरंजीवर. साहेब घटाघटा प्यायले.

"बाबा!" ती ओरडली. "बाबा, बघितलंत का? माझ्याकडे मागितलं त्यानं! माझ्याकडे!"

घोरणं थांबलं होतं. आजोबांचे डोळे मात्र मिटलेलेच, आणि त्या मिटल्या डोळ्यांतून पाण्याची धार कानाकडे चालली होती. तेव्हा कुठे माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. दोन्ही हात मनगटापर्यंत मांडीखाली दाबून धरलेले होते.

"ओरडू नकोस, सूनबाई. मी झोपलोय," आजोबा म्हणाले. "कप अर्धाच भरलास ना? आवाजावरून कळलं मला. राहू दे तसाच. परत मागू दे त्याला."