पाखऱ्याला आख्ता केलं तेव्हा

"आज करायचं की थांबायचं, ते तुम्ही ठरवा," जनावरांचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी हातातली कातडी बॅग दगडावर टेकवली.

सूर्यभानने बायकोकडे पाहिलं. म्हाळसाबाई पाखऱ्याच्या मानेवर हात ठेवून उभी होती. पाखऱ्या म्हणजे त्यांचा तीन वर्षांचा तांबूस कुमैत घोडा. तो पुढच्या पायाने माती उकरत होता. उस्मानपुऱ्यात त्यांच्या दोन खोल्यांमागे पत्र्याचा तबेला होता. त्याच्यापुढच्या अंगणात पेंढा पसरला होता, दोर आणून ठेवले होते, आणि शेजारचा नालबंद हुसेनमियाँ मदतीला म्हणून बाह्या सरसावून बसला होता.

"थांबायचं म्हंजी?" सूर्यभानने विचारलं.

"घोडा आख्ता करणं बैल खच्ची करण्याइतकं सोपं नसतं. कधी रक्तच थांबत नाही. कधी जखमेतून आतडं खाली उतरतं. सूज तर येतेच. त्या सगळ्याकडे मी लक्ष ठेवीन. पण धनुर्वाताचं इंजेक्शन संपलंय. पुण्याला कळवलंय, कधी येईल ते माझ्या हातात नाही. आणि फार थांबावं तर ऊन वाढतंय. माशा सुरू झाल्या की जखम चिघळते."

"बिगर इंजेक्शनाचं करतेत का लोक?" म्हाळसाबाईने विचारलं.

"करतात. पुष्कळ जनावरांना काही होत नाही, बाई. पण होणारच नाही असं मी म्हणणार नाही."

डॉक्टर सरळ माणूस होते. त्यांनी काही लपवलं नव्हतं, आणि त्यामुळेच उत्तर देणं अवघड झालं होतं.

थांबायला सवड नव्हती. थोड्याच दिवसांपूर्वी स्टेशनच्या अड्ड्यावर शेजारच्या टांग्याला एक घोडी होती. पाखऱ्या टांग्यासकट तिच्यावर चढला. टांगा कलंडला. मागे बसलेली साळूबाई नावाची वेरूळची म्हातारी खाली पडली आणि तिचं मनगट मोडलं. अड्ड्याच्या चौधऱ्याने सगळ्यांदेखत सांगितलं, "सूर्यभान, हा घोडा पुन्हा हितं दिसला तर तुझा टांगा बी दिसायचा नाय." सूर्यभानचं मन तेव्हाच मोडलं. चुनाभट्टीवाल्याला घोडा हवा होता. त्याला देऊन टाकावा असं तो म्हणाला. म्हाळसाबाईने साफ सांगितलं, "भट्टीवर न्हेलेलं जनावर तुमी कधी म्हातारं झालेलं पाह्यलंय का? इकायचा नाय. आख्ता करा, गरीब व्हईल त्यो."

आता तीच पुन्हा म्हणाली, "करा, डॉक्टरसाहेब."

म्हाळसाबाई धनगराची लेक. करमाडच्या पलीकडे तिच्या बापाचा मेंढवाडा असायचा, आणि मेंढरांबरोबर बिऱ्हाड वाहायला एक घोडी. सूर्यभानचीही मेंढरं होती, पण पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत कळप उधळला तो पुन्हा जमला नाही. मग तो शहरात येऊन टांगा हाकू लागला. माळ सुटला, तरी म्हाळसाबाईचा माळावरचा गळा सुटला नव्हता. दोन टेकड्यांपलीकडच्या मेंढराला हाक ऐकू जावी असा तो आवाज. सूर्यभान मुळातला अबोल, लेक लग्न होऊन गेलेली. बापाची घोडी व्यायल्यावर मेली तेव्हा म्हाळसाबाईने तिचं ओलं शिंगरू बैलगाडीत घालून आणलं, शेळीच्या दुधावर जगवलं, आणि तेव्हापासून दिवसभर ती त्याच्याशी बोलायची. भाजी काय महाग झाली, लेकीच्या सासूने काय निरोप धाडला, सगळं. ती अंगणाच्या दाराशी येऊन "आले रं राजा" म्हणाली की पाखऱ्याचे दोन्ही कान तिच्याकडे वळायचे.

काम चांगलं झालं. गुंगीचं औषध दिलं, दोर लावून घोडा पेंढ्यावर आडवा केला, हुसेनमियाँ पायांवर आणि म्हाळसाबाई मानेवर बसली. डॉक्टरांचा हात हलका होता. पाखऱ्या उठला तेव्हा मांड्यांमधून रक्त ठिबकत होतं. सगळे त्या ठिबकण्याकडे बघत उभे राहिले. हळूहळू थेंब विरळ झाले, मग थांबले. आतडं उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी सूज आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, सकाळ-संध्याकाळ चालवा, ओसरेल. म्हाळसाबाईने लगाम धरून त्याला गल्लीत इकडून तिकडे चालवलं. सूज ओसरली. जखम वाळू लागली.

"बच गया, भाभी," हुसेनमियाँ म्हणाला. "अब देखो, बकरी के सरीखा हो जाता."

आठवडा उलटून गेल्यावर एका सकाळी तिने हिरवा लसूणघास टाकला, तर पाखऱ्याने मान खाली घातली नाही. तिला वाटलं, मान आखडली असेल. तिने चोळायला हात लावला, तर मानेखाली लाकूड असावं तसं लागलं. शेपटी मागे ताठ उभी होती. कान ताठ, जवळ जवळ आलेले. तिने टाळी वाजवली, आणि त्याच्या डोळ्यांवर आतल्या कोपऱ्यातून एक पांढरट पडदा सर्रकन सरकून आला आणि मागे गेला.

"आवं!" ती ओरडली. "हिकडं या आधी!"

त्या ओरडण्यासरशी पाखऱ्याचं सगळं अंग थरथरत ताणलं गेलं.

डॉक्टर आले. त्यांनी हनुवटीखाली बोटाने हलकंच टिचकवलं, डोळ्यांवर पुन्हा पडदा आला. त्यांनी दोन्ही हातांनी जबडा उघडून पाहिला, तो बोटभरही उघडला नाही.

"धनुर्वात," ते म्हणाले. "लिदीतून, मातीतून जखमेत जातो."

"आता इंजेक्शन—"

"माणसांच्या दवाखान्यातून मिळेल तेवढं आणतो. घोड्याला ते पुरणारं नाही, आणि उशीरही झालाय. तरी देतो." मग त्यांनी आवाज आणखी उतरवला. "अंधार करा. कानात कापूस घाला. कसलाही आवाज होता कामा नये. प्रत्येक आवाजाला त्याला झटका येईल, आणि प्रत्येक झटक्याला तो थोडा मरेल."

म्हाळसाबाईने तबेल्याला गोणपाटं लावली. मग ती गल्लीत घरोघर गेली. पोरांना ओरडू नका म्हणावं, हापशाचा दांडा हळू सोडा, कुत्र्याला हाकलू नका. लोकांनी ऐकलं. गल्लीतल्या टांगेवाल्यांनी वळणावरच उतरून घुंगरं काढून हातात घेतली. हुसेनमियाँने ऐरणीवर पोतं टाकलं आणि दुकान बंद करून तो ओट्यावर नुसता बसून राहिला. नाल ठोकायला आलेल्यांना तो लांबूनच हातवारे करून परत पाठवायचा.

एवढं सगळं केलं, आणि दुपारी पाण्याची बादली घेऊन आत शिरताना तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "आले रं राजा."

पाखऱ्याने तिच्याकडे वळायचा प्रयत्न केला. कान वळले नाहीत, मान वळली नाही. चारी पाय ठोकळ्यासारखे ताठ झाले, पाठ कमानीसारखी ताणली गेली, नाकपुड्या फाटल्यासारख्या फाकल्या. किती वेळ ते चाललं कोण जाणे. तिने बादली तिथेच ठेवली आणि पदराचा बोळा करून स्वतःच्या तोंडात कोंबला.

त्यानंतर ती एक शब्दही बोलली नाही. पाण्याची बादली ती त्याच्या तोंडाशी वर धरून ठेवायची. त्याला तहान होती, हे दिसत होतं. तो ओठ पाण्यात बुडवायचा आणि दातांच्या फटीतून ओढायला बघायचा. थोडं आत जायचं, बरंचसं नाकातून परत यायचं. हात भरून आले की ती बादली गुडघ्यावर टेकवायची आणि पुन्हा उचलायची. तिला पायातली जोडवी वाजतील असं वाटलं, तिने ती काढून ठेवली. घरात जेवायला वाढतानाही ती खुणेनेच बोलू लागली. सूर्यभान एकदा म्हणाला, "म्हाळसे, हितं बोललं तर चालतं की." तिने मान हलवली, पण बोलली नाही.

मग तो आणखी म्हणाला, "भट्टीवाल्याला दिला आस्ता तर..." आणि तिथेच थांबला. ते वाक्य त्याने पुरं केलं नाही, तिनेही त्याला पुरं करायला लावलं नाही. एकदा तिला वाटलं, आपण थांबा म्हणालो असतो तर माशांनी मेला असता का? का जगला असता? डॉक्टरांना विचारावं असं तिच्या मनात आलं. पण त्यांना तरी काय माहीत असणार.

दोन दिवसांनी पाखऱ्या पडला. पडलेलं जनावर पुन्हा उठणार नव्हतं. तो एका कुशीवर, पाय लाकडासारखे पुढे करून पडून होता. घामाने पेंढा भिजला होता. डॉक्टर आले, बसले, नाडी पाहिली. मग त्यांनी सूर्यभानला बाहेर नेऊन काहीतरी सांगितलं. सूर्यभानने मान खाली घातली. "मला नगा इचारू," तो म्हणाला. "तिला इचारा."

डॉक्टर आत आले. त्यांनी बॅगेतून मोठी सिरिंज काढली आणि म्हाळसाबाईला दाखवली. ती समजली. डॉक्टर वाट बघत राहिले. पाखऱ्याच्या घशातून करकरल्यासारखा श्वास येत होता.

तिने मानेनेच हो म्हटलं.

फार वेळ लागला नाही. ताठ पाय आधी सैलावले, मग मान पेंढ्यावर टेकली. डॉक्टरांनी छातीवर कान ठेवला, उठले, आणि तिच्याकडे न बघता बाहेर गेले.

नगरपालिकेची गाडी दुपार कलताना आली. गाडीवान पुंजारामला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. त्याने गल्लीच्या तोंडाशीच मोठ्यांदा विचारलं, "कुठंय घोडं?" ओट्यावरचा हुसेनमियाँ बोट ओठांवर नेता नेता थांबला.

पुंजारामने दोर खांद्यावर टाकला आणि तो अंगणात आला. तबेल्याच्या दाराशी सूर्यभान उभा होता. गोणपाटामागून बाईमाणसाचा आवाज येत होता. भारी, मोकळा, माळावरचा आवाज. लेकीच्या सासूचा निरोप आलाय, पोरगी यंदा बाळंतपणाला हिकडंच येणार हाये. घासवाली बाई लबाड झालीय, खाली वाळकं अन् वर हिरवं बांधती. वेरूळच्या त्या म्हातारीचं मनगट बसलंय म्हणत्यात, बरं झालं बाई. ऊन लई वाढलंय रं राजा, औंदा लई वाढलंय.

"आत कोनंय?" पुंजारामने विचारलं. "उचलायचं ना?"

"उचलायचंय," सूर्यभान म्हणाला. "पर थांब जरा. बोलतीय ती."

पुंजारामने खांद्यावरचा दोर काढून खाली ठेवला, आणि तो भिंतीच्या सावलीला बसला.