उताराला

कुंडलिकतात्यांनी हेल्मेट डोक्यात घातलं आणि हनुवटीखालची क्लिप चाचपडत राहिले. ती लागेना. नंदीश मदतीला वाकला तर त्यांनी त्याचा हात बाजूला केला, आणि शेवटी पट्टा तसाच लोंबता ठेवून ते गाड्यांसमोरून चालत इंद्रजीतपाशी येऊन थांबले. करमाळ्याच्या नाक्यावर नुकतं उजाडत होतं.

"मी हितं बसनार," ते म्हणाले.

"तात्या, नंदीशच्या गाडीची शीट मोठी हाय," संगमेश म्हणाला. "तुमास्नी बरं पडंल."

"ज्यानं पोरगं नेलं त्यानंच जागा दावायची."

इंद्रजीतनं खाली वाकून त्यांच्यासाठी मागचे फूटरेस्ट उघडले. तात्या बसले, पण त्याच्या खांद्याला हात लावला नाही. मागची लोखंडी दांडी धरून ताठ बसून राहिले.

दर डिसेंबरात हे मित्र शनिवार-रविवार गाड्यांवर कोकणात उतरायचे. गेल्या वर्षी तात्यांचा आदिनाथ पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर आला होता. उजनीच्या काठावर वाढलेल्या माणसाला घाट ठाऊक नसतो. त्याचा मुलूख ताटासारखा सपाट. चढ म्हणजे कालव्याचा पूल, आणि उतार म्हणजे केळीच्या बागेतून पाण्याकडं जाणारी वाट. घाट बघून आदिनाथ लहान मुलासारखा खूश झाला होता. परत आला तो ॲम्ब्युलन्समधून, चादरीखाली.

घाटातल्या एका टपरीवाल्यानं पोलिसांना सांगितलं की पुढं एक गाडी होती, मागची सुसाट आली, तिला मागं टाकून वळणावरून सरळ खाली गेली. पुढची गाडी इंद्रजीतची. गावाला एवढं पुरेसं होतं. पोरांनी रेस लावली, आणि ती इंद्रजीतनं लावली, कारण गाड्यांचा नाद त्याचाच. इंद्रजीत सांगत राहिला की रेस नव्हती, आदिनाथ शेजारून गेला तेव्हा गाडीचा आवाजसुद्धा आला नाही. हे त्यानं ज्याला ज्याला सांगितलं त्यानं मान हलवून ऐकून घेतलं. अंगाला घासून गाडी जाते आणि आवाज येत नाही, असं कधी असतं का?

तेराव्याला बजाबाईंनी, आदिनाथच्या आईनं, इंद्रजीतला ओसरीची पायरी चढू दिली नाही. त्याचं गावात जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. तात्यांची पाण्यावरची मोटार जळाली की ते ती छोट्या टेम्पोत घालून, त्याच्या दुकानासमोरून, करमाळ्याला नेत. एकटा संगमेश वर्षभर इंद्रजीतच्या बाजूनं भांडला. पारावर एकाची गचांडीही धरली होती त्यानं.

म्हणून, वर्षश्राद्धाच्या आधी ती जागा बघायची आहे असा तात्यांचा निरोप आला, तेव्हा इंद्रजीत लगेच हो म्हणाला. त्याला एकच आशा होती. त्या वळणावर उभं राहून सांगितलं तर तात्या तरी विश्वास ठेवतील. बाकी गाव गेलं खड्ड्यात.

दुपारी ते घाटमाथ्यावर पोचले. तात्यांच्या मांडीवरच्या पिशवीत नारळ होता आणि घरच्या बागेतली केळीची फणी. चहा नको म्हणाले.

उतार लागला. इंद्रजीतनं गाडी दुसऱ्या गिअरात घेतली. इंजिन ओरडायला लागलं. पहिल्या वळणाला तात्यांचा तोल गेला आणि इतका वेळ दांडीवर असलेला हात त्याच्या खांद्यावर आला. तो तिथंच राहिला. एवढ्यानंच इंद्रजीतला भरून आलं.

दोन वळणं गेली. मग खांद्यावर बोटं वाजली.

"चावी बंद कर की."

"काय, तात्या?"

"उताराला गिअर काडून चावी बंद करावी. गाडी आपसूक जाती, उगं पेट्रोल कशाला जाळायचं?" तात्या त्याच्या कानाशी, वाऱ्यावर ओरडून सांगत होते. दिवसभरातलं पहिलंच साधं बोलणं होतं ते. "आमी बागेत उतरताना कवाच चालू ठेवत न्हाय. आदिनाथला गाडी शिकिवली तवा पयलं म्या ह्येच शिकिवलं. त्यानं कदी मोडलं न्हाय."

इंद्रजीतचे हात हँडलवर घट्ट झाले.

आदिनाथची गाडी दरीतून वर ओढली तेव्हा चावी बंद होती. पडताना कशावर तरी आपटून फिरली असेल, असं तेव्हा कुणीतरी म्हणालं आणि मग चावीचा विचार कुणी केला नाही. आता त्याला सगळं दिसलं. गिअरात असलेलं इंजिन उतारावर गाडीला मागं धरून ठेवतं. गिअर काढून ते बंद केलं की सगळा भार ब्रेकवर. बागेच्या वाटेला चालून जातं. घाटात मैलोन्‌मैल दाबून ब्रेक तापतात, आणि तापले की कितीही दाबा, लागत नाहीत. आदिनाथ शेजारून गेला तेव्हा आवाज आला नव्हता, कारण आवाज नव्हताच. पहिल्यांदा घाटात आलेल्या माणसाला हे सांगायचं असतं, हे माथ्यावर चहा पिताना त्यांच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्याची काही चूक नव्हती. निदान गाव म्हणत होतं ती नव्हती. वर्षभर तो ज्याची वाट बघत होता ते एका वाक्यात त्याच्या हातात आलं होतं, आणि ते देणारा माणूस त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसला होता.

"चावी कडक झालीय, तात्या," तो म्हणाला. "चालू गाडीत फिरत न्हाय."

वळण आलं. तिथं आता नवा लोखंडी कठडा होता. तात्या उतरले, हेल्मेट काढून हातात धरलं, कठड्यापाशी जाऊन खाली बघत राहिले. खाली नुसती झाडं होती. त्यांनी नारळ दगडावर फोडला, केळीची फणी कठड्याच्या खांबाशी ठेवली. संगमेश आणि नंदीश मागं उभे राहिले होते.

"आता सांग," तात्या वळून म्हणाले. "माझं पोरगं संबाळून चालिवनारं हुतं. कसं झालं?"

इंद्रजीतनं त्यांच्याकडं पाहिलं. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. त्यानं मनात कितीदा तरी घोकलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"रेस लावली हुती," तो म्हणाला. "मी लावली."

संगमेशनं झटकन मान वर केली.

"त्यो नगो म्हनला आसंल," तात्या म्हणाले.

"व्हय. नगोच म्हनला. मीच म्हनलं, हिंमत आसंल तर ये फुडं."

तात्यांनी मान हलवली, पुन्हा हलवली. त्यांचा चेहरा सैल पडला. वर्षभर आवळून धरलेलं काहीतरी सुटल्यावर माणूस दिसतो तसे ते दिसले, आणि ते बघून इंद्रजीतला आपण बरोबर केलं असं वाटलं. तेवढ्यापुरतंच वाटलं. कारण तेव्हाच संगमेश पुढं आला होता.

"मला कशापायी भांडाय लावलंस रं?" तो हळू आवाजात म्हणाला. "वरीसभर?"

संगमेश इंद्रजीतच्या तोंडाकडं बघत राहिला, मग आपल्या गाडीकडं गेला.

तात्या नंदीशच्या मागं बसले. या खेपेला त्यांनी नंदीशला क्लिप लावू दिली. नंदीशनं गाडी सुरू केली तसं ते म्हणाले, "बंद कर की चावी. फुडं समदा उतारच हाय."

"न्हाय, तात्या," नंदीश मागं वळून समजावून सांगायला लागला. "घाटात आसं करत न्हाईत. इंजिन बंद केलं ना, की ब्रेक..."

"नंदीश!" इंद्रजीत ओरडला. "गप गाडी काढ. शानपना शिकवत बसू नगंस."

नंदीश दचकला. तात्यांनी इंद्रजीतकडं पाहिलं. सकाळपासून त्यांच्या नजरेत इतका तिरस्कार नव्हता.

"बगा," ते म्हणाले. "माझं पोरगं खाल्लं, तरी मिजास गेली न्हाय."

संगमेश रस्त्याच्या कडेला थुंकला आणि निघाला. त्याच्यामागं नंदीश, पाठीमागं तात्यांना घेऊन. दोघंही गिअरातच उतरत होते. इंद्रजीतनं ते कान देऊन नीट ऐकून घेतलं, मग चावी फिरवून स्वतःची गाडी सुरू केली आणि सगळ्यांच्या मागून निघाला.