परतीची नळी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे लोणावळ्यातल्या दोन पिढ्यांना ठाऊक आहे. तीस वर्षं हेडमास्तरकी केली. शाळेत पोरांवर ओरडलो आणि घरी गार पाण्यावर.

गार पाण्याचा दोष माझाच होता. घर बांधताना शहाणपण करून बंब परसात ठेवला, धूर नको म्हणून. न्हाणीघर मात्र माझ्या खोलीशेजारी, घराच्या पुढच्या अंगाला. मधे पन्नास फूट नळी. सकाळी तोटी सोडली की आधी नळीत रात्रभर निवलेलं पाणी यायचं, दोन बादल्या भरून. मी पंचा गुंडाळून कुडकुडत उभा. नगरपालिकेचं पाणी दिवसातून एक तास, तेव्हा ते ओतून द्यायचं पाप कोण करणार? म्हणून भागूबाई त्या दोन्ही बादल्या उचलायच्या, घरातून परसात न्यायच्या आणि बंबाच्या वरच्या टाकीत ओतायच्या. टाकी उंचावर, तिला पाच पायऱ्या. या काटकसरीचा मला अभिमान होता. पाहुण्यांना मी ती कौतुकानं सांगायचो.

भागूबाई आमच्याकडे एकोणीस वर्षं कामाला. माझी बायको वासंती शेवटचे अकरा महिने अंथरुणावर होती. तिचं अंग शेकायला दिवसातून चार वेळा गरम पाणी भागूबाईंनी नेलं. एकदाही तोंड वाकडं केलं नाही. वासंती गेली, तेराव्याचे पाहुणे पांगले, तेव्हा मी भागूबाईंना काय म्हणालो? "उद्या जरा लवकर या." तेवढंच. आभार मानणं मला जमत नाही; आत असतं, तोंडाशी येईपर्यंत त्याचा हुकूम होतो.

एकोणीसशे एकोणसत्तरच्या पौषातली गोष्ट. सकाळी खिडकीतून पाहिलं तर भागूबाई टाकीच्या तिसऱ्या पायरीवर बसलेल्या. बादली शेजारी, दोन्ही हात गुडघ्यावर दाबलेले. मी सवयीनं ओरडलो, "भागूबाई, पाणी!" त्या भिंत धरून उठल्या. उठताना त्यांनी डोळे मिटले. माझे गुडघे दुखतात म्हणून मला गरम पाणी लागतं, आणि ते माझ्यापर्यंत यावं म्हणून ही बाई आपले गुडघे झिजवते आहे, हे माझ्या डोक्यात त्या दिवशी शिरलं. हेडमास्तर होतो म्हणे.

नवसूला बोलावलं. नवसू माझा जुना विद्यार्थी, गणितात दर वर्षी कसाबसा काठावर. आता रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर. त्यानं बंबापासून न्हाणीघरापर्यंत दोनदा चक्कर मारली, भागूबाईंना बादली नेताना पाहिलं आणि म्हणाला, "गुर्जी, पानी परत बंबाकडं जातंयच की. फकस्त मावशीच्या हातनं जातंय."

मी मनातल्या मनात त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. असं क्वचित होतं.

पुढच्या दोन रविवारी त्यानं काम केलं. न्हाणीघराच्या तोटीखालून एक दुसरी, परतीची नळी काढली. ती बाहेरच्या भिंतीनं परसात, भांडी घासायच्या दगडावरून थेट बंबाच्या बुडाशी. तिथं पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली छोटी मोटर आणि पंप. पाणी उलटं फिरू नये म्हणून मधे एक झडप. न्हाणीघराच्या दाराशी बटण. बटण दाबायचं, अंगाला तेल चोळून होईस्तोवर नळीतलं गार पाणी बंबाकडे माघारी जातं आणि तोटीशी गरम पाणी येऊन थांबतं. न बादली, न पायऱ्या.

पहिल्या दिवशी तोटी सोडली आणि हातावर कढत पाणी आलं, तेव्हा मला भरून आलं. खोटं कशाला सांगू? पंपाचं कौतुक होतंच, पण भागूबाईंचं ऋण त्याहून मोठं वाटलं. या खेपेला कंजूषपणा करायचा नाही असं ठरवलं. बाजारातून चांगलं हिरवं लुगडं आणलं. पंपाला हळदकुंकू लावलं आणि लुगडं-नारळ भागूबाईंच्या हाती दिला. "फार केलंत. आता गुडघ्यांना विसावा द्या."

भागूबाई पंपाकडे बघत राहिल्या. मग नारळ पदरात घेतला, बंबाला हात लावून तो कपाळी नेला आणि निघून गेल्या. मला वाटलं, बाईला गहिवर आला. मी स्वतःवर खूश होतो.

सोमवारी भागूबाई आल्या नाहीत. मंगळवारीही नाहीत. माझा पारा चढला. सुख दिलं की माणसं सोकावतात, असंही मी भिंतीला सांगितलं. बंब पेटवायला गेलो तर परसभर धूर आणि डोळ्यांना धारा. लाकडं काळी झाली, पाणी होतं तसंच. बटण दाबलं. पंप बिचारा इमानानं गार पाणीच घरभर फिरवत राहिला.

बुधवारी नवसू झडप बघायला आला. मी तक्रार सुरू केली, तसा तो चाचरत म्हणाला, "गुर्जी, मावशी भाड्याची खोली सोडून कार्ल्याला भावाकडं गेली. म्हनली, एकोनीस वर्सं झाली, गुर्जींनी मानानं मोकळं केलं."

"मी? मी कधी?"

"लुगडं-नारळ दिलात न्हवं?"

तसाच एस.टी. पकडून कार्ल्याला गेलो. भागूबाईंचा भाऊ भाताच्या खाचरांपलीकडे राहायचा. दारात मला बघून त्यांनी पदर सावरला, घोंगडं अंथरलं, चहा टाकला. देवळीत माझा नारळ ठेवलेला, न फोडलेला. लुगड्याची घडीही तशीच.

"भागूबाई, तुम्हांला जा कोण म्हणालं?"

"म्हनायला कशाला लागतंय गुर्जी? आमचं मालक टाकव्याला सालगडी व्हते. पाडव्याला पाटलानं धोतर दिलं, नारळ दिला. त्यात आमी समजलो, उद्यापासनं यायचं न्हाई. तुमी बी लुगडं दिलं, नारळ दिला, वर म्हनलात विसावा घ्या. पानी न्यायला मोटार आली. मंग मी ऱ्हायले कशाला?"

सहा वर्षांपूर्वी शाळेनं मलाही शाल आणि नारळ देऊनच घरी बसवलं होतं. टाळ्या वाजल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोट घालून ओटीवर बसलो, आणि जायला जागा नव्हती. तो नारळ महिनाभर मी वासंतीला फोडू दिला नव्हता. ज्याला हे ठाऊक, त्यानंच हे करावं?

भागूबाईंनी चहाची कपबशी पुढे केली. बोटांच्या पेरांवर भेगा होत्या, काही ताज्या, लाल.

"हे कशानं?"

"भांड्यानं. पौसाच्या थंडीत तुमच्या परसातलं पानी लय गार. आता सवय झालीया."

माझ्या अंघोळीचं पाणी, दाढीचं पाणी, वासंतीला शेकायचं पाणी, एकोणीस वर्षं सगळं याच हातांनी वाहिलं. आणि हे हात त्याच बंबाशेजारी गार पाण्यात भांडी घासत होते. मला माझीच शरम वाटली.

"भागूबाई, माझं चुकलं," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात फारदा उच्चारलेलं नाही. "मी आभार मानत होतो. मला येत नाही ते."

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग विचारलं, "बंब कोन पेटवतंय?"

"मी."

"म्हंजे पेटत नसंल."

"नाही पेटत."

त्या हसल्या, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. "यीन. पन पायऱ्या चढायची न्हाई."

"पायऱ्यांचं काम पंपाला दिलंय. तुमचं कुणाला दिलेलं नाही."

रविवारी नवसूनं फक्त अर्ध्या तासाचं काम केलं. परतीची नळी भांड्यांच्या दगडावरूनच गेली होती. तिला तिथं एक जोड दिला आणि तोटी बसवली. माझ्या तोटीपर्यंत आलेलं गरम पाणी माघारी जाताना आता आधी भागूबाईंना भेटणार होतं.

सोमवारी सकाळी बंब पेटला. मी बटण दाबलं आणि अंघोळ सोडून परसात गेलो. भागूबाई दगडापाशी बसल्या होत्या, नेसूचं लुगडं हिरवं. त्यांनी तोटी सोडली आणि हात झटकन मागे घेतला. मग हळूच पुन्हा पुढे केला. मग दुसराही. भांडी तशीच पडली होती. पाणी वाहत होतं, वाया जात होतं, आणि मी, लोणावळ्यातला सगळ्यांत काटकसरी माणूस, तोंडातून ब्र काढला नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी तोटी बंद केली, पिशवीतून नारळ काढला आणि त्याच दगडावर फोडला. ओल्या, ऊन हातानं एक वाटी माझ्यापुढे धरली.

"घ्या गुर्जी," त्या म्हणाल्या. "आता कुनी कुटं जात न्हाई."