ही मा जोमसून कोण?

हेरानच्या आईनं एक खोटं वर्षानुवर्षं सांभाळलं होतं, आणि चांगलं सांभाळलं होतं. दर मंगळवारी सकाळी कोरियातल्या कुन्सान गावच्या सार्वजनिक स्नानगृहात, गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बसलेली असताना कुणी ना कुणी विचारायचंच, "तुझी सोल शहरातली लेक चित्रं कसली काढते गं?" की ही डोळे मिटून सांगायची, "फुलं. जास्त करून कमळं."

हेराननं जन्मात एक पाकळी काढली नव्हती. ती बायका काढायची. उघड्या, सुटलेल्या पोटांच्या, ओघळलेल्या छातीच्या, बाळंतपणाचे वण मिरवणाऱ्या बायका. आता गंमत बघा, हौदातल्या या सगळ्या जणी त्या वेळी स्वतः डोक्यावरचा टॉवेल सोडला तर अंगावर सूत नसलेल्या असत, आणि खरखरीत हातमोज्यानं एकमेकींच्या पाठी लाल होईस्तोवर घासत असत. पण तेच कागदावर आलं की अब्रूचा प्रश्न! माणसाचं डोकं असंच चालतं, आपण काय करणार?

तर आता हेरानच्या चित्रांचं प्रदर्शन नेमकं कुन्सानलाच लागलं होतं. आणि त्यातलं सगळ्यांत मोठं चित्र खुद्द हेरानच्या आईचं होतं.

गेल्या हिवाळ्यात हेरान घरी आली आणि म्हणाली, "आई, जरा बसतेस का माझ्यासाठी?" लेकीनं मागितलं तर काळीज काढून देईल अशी ही बाई. बसली. कपडे काढून, उबदार जमिनीवर, एक गुडघा पोटाशी घेऊन. रिकामं बसायची सवय नाही, म्हणून लसूण सोलत बसली. अट एकच घातली, "चेहरा काढायचा नाही." हेराननं शब्द पाळला. डोक्याला टॉवेल, मान खाली, चेहरा कुठेच नाही.

उद्घाटनाच्या दिवशी आई सगळ्यांच्या आधी दालनात पोचली. चित्र भिंतभर. चेहरा नाही हे बघून जिवात जीव आला, तोवर शेजारची चिठ्ठी दिसली. 'मा जोमसून, लसूण सोलताना.'

"हे काय लिहिलंस गं?"

"तुझं नाव. आडनावासकट."

"ते मला माहितेय! काढ आधी ते."

"चेहरा नको म्हणालीस. नावाचं काही बोलली नव्हतीस." मांडामांड आटपून हेरान पायरीवर बसून बूट घालत होती. "आई, जुन्या चित्रांत बायका ओढ्यावर आंघोळ करतात आणि खडकाआडून कुणीतरी टकमक बघत असतं. त्यांना नावं नाहीत. त्या बघणाऱ्यासाठीच काढलेल्या. माझ्या चित्रात तो बघ्याच नाही. म्हणून तुला नाव आहे."

"बघ्या नाही? मग प्रदर्शन कशाला मांडलंस?"

तेवढ्यात दारातून शेवंतीच्या फुलांची तीन मजली परडी आली. तिच्या रेशमी फितीवर सोनेरी अक्षरं होती : 'कमळांची राणी हेरान हिला मंगळवारच्या स्नानमंडळाकडून शुभेच्छा.'

"कमळांची राणी?" हेराननं विचारलं. आई छताचे दिवे निरखू लागली.

दिवे निरखता निरखता तिला युक्ती सुचली. तिनं ती परडी ओढत नेऊन बरोब्बर चित्रासमोर उभी केली. पण चित्र उंच, परडी ठेंगणी. झाकले गेले ते गुडघे आणि लसूण. झाकायचं होतं ते सगळं शेवंतीच्या वर उगवल्यासारखं दिसू लागलं. आधीपेक्षा जास्तच. ती परडी मागे ओढणार, एवढ्यात मंडळ आत शिरलं.

कपड्यांत बघायची सवय नसल्यानं हेरानच्या आईला त्या क्षणभर ओळखूच आल्या नाहीत. पुढे ग्यूहोची आई होती. दांडगी, मोठ्या आवाजाची, आज छातीवर मोत्यांचं पदक लावून आलेली. मागे मिरेची आई, बारीक आणि धार्मिक. दोघी चित्रासमोर थबकल्या.

"कमळं कुठायत?" ग्यूहोच्या आईनं विचारलं.

"पुढच्या वेळी," हेरानची आई पुटपुटली.

मिरेच्या आईनं चष्मा चढवून चिठ्ठी वाचली. "मा जोमसून. ही कोण गं? आपल्यातली नाही."

"मी नाही बाई ऐकलं असलं नाव," ग्यूहोची आई म्हणाली.

तेव्हा कुठे हेरानच्या आईच्या ध्यानात आलं. तीस वर्षं या बायकांनी तिची पाठ घासली, पण तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं! इकडे बाईला मूल झालं की ती त्या मुलाची आई होते आणि मरेपर्यंत तीच राहते. नवरा जिवंत होता तोवर 'अगं ए' म्हणून हाक मारायचा. नाव आता फक्त दवाखान्यात पुकारलं जायचं, तेही रक्त काढायला. म्हणजे ती सुटली होती. तिला हसूच फुटलं.

"कोणी का असेना," मिरेची आई चित्राच्या जवळ सरकली, "राबलेली बाई आहे. मांड्या बघ की! अशा बाईनं घर उभं केलेलं असतं."

"राबलेली म्हणजे काय, मीच आहे ती," ग्यूहोची आई म्हणाली. "हेराननं लहानपणी मला हौदात पाहिलंय. नाव आपलं उगीच कसलं तरी लावलंय."

"तुझ्या मांड्या? अगं, ही बसायची ढब माझी आहे!"

"तुझ्या अंगावर मांस आहे का एवढं?"

आवाज चढले, माणसं जमली. वर्तमानपत्राचा छायाचित्रकार धावत आला आणि ग्यूहोच्या आईपुढे अदबीनं वाकला. "मावशी, आपणच का मा जोमसून?"

ग्यूहोच्या आईनं पदक सरळ केलं. "तसंच समजा."

हेरानच्या आईला लाज तर वाटत होतीच, पण त्या लाजेवर राग चढून बसला. या नावानं तिची आई तिला जवाच्या शेतातून घरी बोलवायची, संध्याकाळी, जेवायला. कुणाला फुकट वाटायला ठेवलेलं नव्हतं. आणि त्या मांड्या! हेरानला पाठीला बांधून बंदरावर मासे विकले होते त्या मांड्यांवर. घे म्हणावं आयत्या!

"मा जोमसून मी आहे," ती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की तिलाच दचकायला झालं. "पोट माझं, मांड्या माझ्या, सगळी मी आहे."

मिरेच्या आईनं चित्राकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, आणि मान डोलावली. "हो गं. खांदा हिचाच आहे. मीच तर घासते."

"तुझं नाव जोमसून?" ग्यूहोची आई भडकली. "तीस वर्षांत सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तुझं तरी काय आहे?"

ग्यूहोची आई, जिच्या आवाजानं स्नानगृहाच्या काचा थरथरत, ती चपलेकडे बघू लागली. "मालबुन," ती हळूच म्हणाली. "आईला मी सहावी, तीही मुलगीच. ही तरी शेवटची मुलगी असू दे म्हणून असं नाव ठेवलं. मी नाही सांगत कुणाला."

मिरेच्या आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. हेरान काही बोलायला गेली, पण आईनं डोळ्यांनीच तिला गप्प केलं. छायाचित्रकार यंत्र डोळ्याला लावून ताटकळत होता. त्याला फक्त जोमसून हवी होती. जोमसून चित्रासमोर जाऊन ताठ उभी राहिली, शेजारी दोन बायकांची जागा सोडून.

"मालबुन," तिनं हाक मारली, "ये गं इकडे."

आणि ती एवढी दांडगी बाई शाळेत हजेरीला द्यावी तशी 'ओ' देऊन आली.