ज्वारीचा दाणा आणि मधुमतीचा चंद्र

मुलांनो, अशी कल्पना करा की तुमच्या चिमटीत ज्वारीचा एक दाणा आहे आणि समोर पौर्णिमेचा चंद्र. एक डोळा मिटा. दाणा डोळ्याजवळ धरला तर चंद्र सहज दडतो. आता तो हळूहळू लांब न्या. एका जागी दाणा चंद्राला जेमतेम झाकेल. डोळ्यापासून त्या जागेपर्यंत ओळीने जितके दाणे मावतील, तितकेच चंद्र पृथ्वीपासून चंद्रापर्यंत ओळीने मावतात.

लखनौच्या एका सरकारी कॉलनीत १९७८ साली श्रीपतकाकांनी मुलांना हेच माप घ्यायला सांगितलं. काका टेलिफोन खात्यात होते. गावाकडची ज्वारी चाळून त्यांनी सारखे दाणे निवडले, काडेपेटीच्या काड्यांवर एकेक चिकटवला आणि सोबत दोरा दिला. दोऱ्याचं टोक गालाला धरायचं, चंद्र झाकला गेला की तिथे गाठ मारायची.

"ज्याचं माप नीट, तो बुद्धपौर्णिमेला सगळ्यांसमोर बोलणार," काका म्हणाले.

दहा वर्षांच्या बेबीला ते बोलायचंच होतं. आड येत होती मधुमती. तिचे वडील बँकेत, घर तिसऱ्या मजल्यावर, फ्रॉक अमीनाबादच्या बाजारातले. तेही चाललं असतं. पण मागच्या पौर्णिमेला बेबीने तिच्या गच्चीवरून चंद्र उगवताना पाहिला होता. झाडांना टेकलेला, तांबूस, परातीएवढा. बेबीच्या अंगणात तो पाण्याच्या टाकीमागून उशिरा यायचा, पुरीएवढा.

"तिला चंद्रसुद्धा मोठा!" ती आईला म्हणाली.

"चंद्राचे काय वाटे घातलेत होय गं?" आई हसली.

चतुर्दशीला बेबीने अंगणात माप घेऊन गाठ मारली आणि तिला शंका आली. मोठा चंद्र झाकायला दाणा डोळ्याजवळ आणावा लागणार. म्हणजे मधुमतीची गाठ अलीकडे येणार, मोठ्या चंद्राची म्हणून काका तीच नीट धरणार आणि तीच जिंकणार! बेबी गाठ सोडवू लागली. सुटेना. मग तिने वीतभर अलीकडे दुसरी गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी, बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी, काकांच्या ओट्यावर दोऱ्यांशेजारी दाणे मांडले गेले. मधुमतीचे एकशे दहा. बेबीचे त्र्याहत्तर.

"बेबी के घर में गिर गया क्या चाँद?" कॉलनीतला विजय ओरडला. सगळे हसले.

मधुमती दोऱ्यावर वाकली. "काका, रुको. इसमें एक गाँठ और है." तिने पुढे दाणे मांडले. "एकशे नऊ! अरे, मेरे जितना ही तो है."

"झूठ!" बेबी भडकली. "तेरा चाँद बड़ा है. मैंने देखा है."

"तो आके नाप ले ना!"

काकांनी समजावलं नाही. "जा," एवढंच म्हणाले, "उगवतच असेल."

बेबी तीन जिने धावत चढली. झाडांवर तोच चंद्र होता, परातीएवढा. तिने दोरा गालाला लावला. अलीकडच्या गाठीवर दाणा धरला, तर चंद्र त्यामागे पार बुडाला. ती दाणा लांब नेत गेली. पहिल्या गाठीवर तो चंद्राला जेमतेम झाकत होता, अंगणात झाकला होता तसाच.

मागून मधुमती धापा टाकत आली. "काका पूछ रहे हैं, तू बोलेगी कि मैं?"

"तू," बेबी म्हणाली.

मग ती गच्चीवर मांडी घालून बसली आणि नखांनी दुसरी गाठ सोडवू लागली.