गेरची गाडी

‘चौकशीअंती असे निष्पन्न झाले की, कापूस हा वजनाने हलका माल असल्याने तो ओढताना यंत्राचा पट्टा जळणे संभवत नाही, पट्टा चालक महिलेच्या निष्काळजीपणामुळे जळाला, आणि महिलांना गिअर बदलण्याचे कष्ट पडू नयेत, या एकमेव हेतूने कार्यालयाने स्वयंचलित पट्ट्याचे यंत्र निवडले होते.’

कृषी कार्यालयाचे तंत्र अधिकारी देव्हारे यांनी हे समाजमंदिराच्या ओट्यावर उभे राहून वाचले आणि घाम टिपला. वाक्य एकच होते, पण त्यात तीन असत्ये इतक्या शिस्तीने बसवलेली होती की ऐकणाऱ्याला वाटावे, सत्यालाच रांगेत उभे राहता येत नाही.

पहिले, हलका माल. कापूस हलका असतो तो उशीत. वणीकडच्या या काळ्या रानात तो ट्रॉलीत पडला की महिला गटातल्या बिजलीबाई आणि आणखी दोघी पदर खोचून त्यावर चढतात, तुडवतात. वर पुन्हा कापूस पडतो, त्या पुन्हा तुडवतात. शेवटी त्या गंजीत मूठ शिरत नाही. कार्यालयाने ट्रॉलीची लांबीरुंदी मोजली होती. तिच्यावर नाचणाऱ्या बायका हिशेबात धरल्या नव्हत्या.

दुसरे, निष्काळजीपणा. गटाला सरकारी योजनेतून मिळालेल्या त्या बुटक्या, जाड चाकांच्या एटीव्ही गाडीला पुढे, मागे आणि मधले शून्य एवढेच ठाऊक होते. अवकाळी पावसाने नाल्याचा चढ लोण्यासारखा झालेला. गटाची गाडी चालवणाऱ्या नलूने भरली ट्रॉली चढावर घातली. चाके रुतली, इंजिन बोंबलत राहिले, आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा रबरी पट्टा जागच्या जागी घासत राहिला. वास येताच नलूने चावी फिरवली, पण तोवर धूर निघाला होता. निष्काळजीपणा या शब्दाचा कार्यालयीन अर्थ इतकाच, की यंत्र जळाले तेव्हा त्यावर बसलेले माणूस कार्यालयातले नव्हते.

तिसरे असत्य सर्वांत सभ्य होते, म्हणून सर्वांत उद्धट. नलूचा नवरा धर्मपाल याचा पाय मोडला, तेव्हा त्याची प्रवासी वाहतुकीची काळीपिवळी जीप तिने कोळशाच्या ट्रकांच्या गर्दीतून वणीपर्यंत चालवली होती. तिला गिअरचे कष्ट पडतात की नाही, हे तिलाच विचारता आले असते. पण विचारणे कार्यपद्धतीत बसत नव्हते.

“खाली सही करा,” देव्हारे म्हणाले. “यंत्र परत जाईल. गटाचं नाव योजनेतून कमी होईल. बाकी काही त्रास नाही.”

बाकी काही त्रास नाही, म्हणजे काय, हे समोरच्या प्रत्येकीच्या मानेला ठाऊक होते. गावातले बैल बोंडअळीच्या सालाआधीच बाजारात विकले गेले होते. यंत्र गेले की कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन, गुडघाभर चिखलातून नाला ओलांडून, डांबरी सडकेवरच्या ट्रकपर्यंत न्यायची होती.

“मी सही करत नाई,” नलू म्हणाली.

“अहो, मग काय करायचं?”

“लोहाऱ्याच्या गाड्याइच्या दुकानात गेरची गाडी उभी हाय म्हनते. ते आना. हेच ट्रॉली, हाच नाला. माह्या हातानं नाई निंगाली, तं दोन सह्या करतो.”

“गिअरची तुम्हाला झेपणार नाही, बाई.”

“झेपत नाई ना? मंग भेव कायचं हाय, साहेब?”

ओट्याखाली हसू पसरले. गटाच्या अध्यक्ष विमलताई, सत्तर क्विंटलांच्या जागी तीस पिकलेल्या रानाच्या मालकीण, एरवी साहेबांसमोर पदर सावरून बोलत. आज त्यांनी सहीविना कागद घडी करून आपल्याच कमरेला खोचला. “आना साहेब. आमी कापूस तुडवून ठिवतो.”

आठवडा उलटला आणि लोहाऱ्याच्या दुकानाचा मिस्त्री टेम्पोतून गाडी घेऊन आला. दिसायला पहिलीसारखीच, फरक पोटात होता. पट्ट्याऐवजी दातेरी चाके, क्लच, आणि ओझ्यासाठी वेगळा, मुंगीच्या चालीचा पहिला गिअर. मागून ड्रायव्हरने देव्हाऱ्यांची जीप आणली. साहेबांनी पांढरे बूट घातले होते. पराभव पाहायला निघालेला माणूस असाच सजून येतो.

बिजलीबाईने त्या दिवशी कापूस असा तुडवला की ट्रॉलीच्या फळ्या कुरकुरल्या.

“बिजले, बस कर वो,” नलू ओरडली. “मले नेयाचा हाय तो, साहेबाले नाई!”

“निष्काळजीपना नको म्हनून तुडवून राह्यलो, माय!”

नलूने गाडी नाल्यात घातली. पाणी चाकांच्या आसापर्यंत आले. पलीकडचा काळा, चकचकीत चढ सुरू झाला आणि अर्ध्यावर, ट्रॉलीचे तोंड वर आणि शेपूट पाण्यात असताना, तिने गाडी थांबवली. मुद्दाम थांबवली.

“काय झालं?” देव्हाऱ्यांच्या आवाजात सांत्वनाची घाई होती. “बंद पडली ना?”

“नाई साहेब. पट्टा इथंच जयला होता. जागा दाखवून राह्यलो.”

मग क्लच, पहिला गिअर, आणि हळूहळू सुटणारा डावा हात. इंजिन बोंबलले नाही. म्हाताऱ्या म्हशीसारखे हुंकारले. चाकांनी चिखल चावला. ट्रॉली वितीवितीने चढली आणि सडकेला लागली. बायांनी ओरडून रान डोक्यावर घेतले.

देव्हारे मात्र शिकलेले होते. शिकलेला माणूस हरला की नियमाचा अपवाद शोधतो. “तुम्ही जीप चालवलेली आहे, बाई. तुमचं वेगळं. धोरण सर्वसाधारण माणसाला धरून असतं.”

“मंग सर्वसाधारन मानूस बसवू,” विमलताई म्हणाल्या. “तुमी बसा ना साहेब. उद्घाटनाच्या दिवशी मंत्र्याले मागं बसवून तुमीच तं चालवलती. काय झोकात!”

“मला वेळ नाही.”

“ट्रॉली रिकामी करून देतो. पोरखेळ हाय तुमाले.”

सरपंच बबनराव इतका वेळ कोणत्या बाजूला उभे राहावे हे पाहत होते, आता ते भोळेपणाने म्हणाले, “बसा साहेब. लोकं पाह्यते.”

साहेब बसले. उतारावर गाडी आपोआप गेली, ते त्यांना स्वतःचेच कौशल्य वाटले. नाल्याच्या मध्यावर त्यांनी घाबरून ब्रेक दाबला. गाडीने एक आचका दिला आणि ती मेली. पुन्हा चालू केली, पुन्हा आचका, पुन्हा शांतता. चौथ्या आचक्याला साहेबांची टोपी पाण्यात गेली आणि संथपणे चंद्रपूरच्या दिशेने निघाली.

“किलच दाबा ना, साहेब!” मिस्त्री काठावरून ओरडला.

“कुठला?”

मिस्त्री पुटपुटला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत: “खरेदीच्या वक्ताले दोन्ही गाड्या दाखवल्या होत्या. साहेब हिच्यावर बसलेच नाई. मी म्हनलं होतं, ओझ्याले गेर घ्या.”

नलू साडी खोचून पाण्यात उतरली आणि गाडीच्या तोंडाशी उभी राहिली. देव्हाऱ्यांनी आपले बूट पाहिले, पाणी पाहिले, चिखल पाहिला. गाळात चाके इंचाइंचाने खाली जात होती.

“मला बाहेर काढा.”

“काढतो. पन आदी सांगा, हे पट्ट्याची गाडी काहून घेतली? कोनासाठी घेतली?”

“महिलांच्या सोयी...”

“साहेब.” तिने आवाज चढवला नाही. “माह्यावर निष्काळजीपनाचा ठपका हाय. या बाया उद्यापासून डोक्यावर वज्झं नेतीन. तुमी फकस्त खरं बोला. पाह्यजे तं हळू बोला. ताई काठावर लिवून घेते. तुमच्या त्या कागदाच्या पाठीवरच.”

विमलताईंनी पेन काढले. बबनरावांनी, कोणी न सांगता, त्यांच्यासाठी आपली पाठ कागद टेकायला पुढे केली. वारा कुठे वळला हे त्यांना आता कळले होते. ठपका रद्द, गिअरची गाडी गटाकडे, हे विमलताईंनी आधी लिहिले आणि मोठ्याने वाचले. देव्हाऱ्यांनी दोन्हीला मान हलवली. मग त्यांनी एकदा जीपकडे पाहिले. चेहरा पाडून ते जे बोलले, ते ताईंनी काना-मात्रा न बदलता उतरवले आणि पाण्यात उतरून त्याखाली देव्हाऱ्यांचीच सही घेतली:

“मला गिअरची गाडी चालवता येत नाही. उद्घाटनाला मंत्रीसाहेबांना बसवून मलाच चालवायची होती, म्हणून मी पट्ट्याची घेतली. ओझ्याचा विचार मी केलाच नाही. ओझं मला कुठं ओढायचं होतं?”